गर्दीने लिहिलेली बाकाबाई

नागपूरच्या जुन्या वस्तीत एका बाजूला व्यापाऱ्यांची इतवारी आणि दुसऱ्या बाजूला भोसल्यांचा महाल, यांच्या मधला पट्टा म्हणजे कापडाच्या ठोक बाजाराची गांधीबाग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, या सगळ्या भागात मारबतीची गर्दी उसळते. बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि कापड चढवून केलेल्या दोन अवाढव्य बायका निघतात, एक काळी आणि एक पिवळी. त्यांच्या सोबत त्या वर्षीच्या लोकांच्या रागाचे पुरुषरूपी पुतळे असतात, त्यांना बडगे म्हणतात. ईडा, पीडा, रोगराई, खोकला घेऊन जाण्याचे साकडे मारबतीला घातले जाते, शहीद चौकात काळी आणि पिवळी एकमेकींना भेटतात आणि शेवटी दोघींना जाळतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे या उत्सवाची मंडळे सांगतात. काळी मारबत म्हणजे कोण, हे नागपुरात कुणालाही विचारले तर उत्तर ठरलेले मिळते: ती बाकाबाई, काहींच्या तोंडी बांकाबाई, इंग्रजांना फितूर झालेली भोसल्यांची राणी. या एका वाक्यात बाईचे सबंध चरित्र संपते. हे चरित्र असे एका वाक्याचे कसे झाले आणि ते कुणी केले, हा या लेखाचा विषय. त्यासाठी सुरुवातीला नागपूर सोडून थोडे लांब जावे लागेल.

अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २००४ पासून चालू आहे. जगभरचे खेळाडू एकाच काल्पनिक जगात वावरतात, दोन पक्षांपैकी एकाची बाजू घेतात, आणि कंपनी दर दोन-तीन वर्षांनी कथेचा नवा खंड आणते. या कथेत सिल्व्हानस विंडरनर नावाची एक राणी आहे. त्याआधीच्या, २००२ मधल्या खेळात ती आपले शहर राखताना आर्थस या राजपुत्राच्या हातून मारली जाते, तो तिला मेल्यावरही गुलाम म्हणून उठवतो, ती त्या गुलामीतून सुटते आणि आपल्यासारख्याच मरून उठलेल्यांची पुढारी होते. पंधरा-सोळा वर्षे खेळाडूंनी तिच्यावर जीव टाकला. मग २०१८ मध्ये कंपनीने तिच्या हातून शत्रुपक्षाचे टेलड्रासिल हे महाकाय झाड त्यावर वसलेल्या शहरासकट आणि नागरिकांसकट जाळवले, आणि तिच्या पक्षाच्या खेळाडूंना त्या मोहिमेत मुकाट्याने चालावे लागले. २०२० मध्ये आलेल्या ‘शॅडोलँड्स’ या खंडात कारण सांगितले गेले की ती फार आधीपासून जेलर नावाच्या एका महाखलनायकाशी संधान बांधून होती. हा जेलर तोवर कथेत कुठेच नव्हता. खेळाडू भडकले ते यामुळे. राणी वाईट निघाली याची तक्रार कमी होती. तिच्या जुन्या कृत्यांच्या मागे आज सुचलेला हेतू नेऊन ठेवला, आपण जिला ओळखत होतो ती बाई खोटी ठरवली, ही तक्रार मोठी होती. तिच्यातून एक मागणीही निघाली, कधी उघड आणि कधी आडून: पात्र कंपनीच्या चार लेखकांच्या हाती असते म्हणून बिघडते, ज्यांचा त्याच्यावर जीव आहे त्यांच्या हाती ते दिले तर ते खरे राहील.

या मागणीतली तक्रार मला रास्त वाटते आणि उपाय चुकीचा वाटतो. नागपूरने गेली सव्वाशेहून अधिक वर्षे नेमका हाच उपाय करून पाहिला आहे. बाकाबाईचे पात्र कुठल्याही कंपनीच्या, दरबाराच्या किंवा एकट्या नाटककाराच्या मालकीचे नाही. ते रस्त्यावर जमणाऱ्या लोकांचे आहे, तेच ते दरवर्षी उभे करतात. आणि सिल्व्हानसच्या लेखकांनी जी चूक केली म्हणून जग ओरडले, ती लोकांनी बाकाबाईच्या बाबतीत कुणाच्या सांगण्याशिवाय केली: नंतरचा हेतू आधीच्या कृत्यांमागे नेऊन ठेवला आणि मधली माणसे, मधली वर्षे पुसून टाकली.

आता पुसलेली वर्षे. बाकाबाई ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. हे रघुजी १७८८ पासून नागपूरचे राज्य करत होते. १८०३ मध्ये आसई आणि आडगावच्या लढायांत हरून त्यांनी देवगावचा तह केला, कटक प्रांत आणि वऱ्हाडचा पश्चिम भाग गमावला. पण इंग्रजांची तैनाती फौज काही त्यांनी शेवटपर्यंत आपल्या राज्यात येऊ दिली नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. (मारबतीच्याच दिवशी लहान मुले लाकडी बैल घेऊन जो तान्हा पोळा करतात, तो याच रघुजींनी सुरू केला असे नागपूरची परंपरा सांगते. एकाच दिवशी नवऱ्याच्या नावाने खाऊ आणि बायकोच्या नावाने शिव्या, अशी ही वाटणी आहे.) मागे राहिलेला मुलगा परसोजी शरीराने आणि बुद्धीने अधू होता, राज्य चालवणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. त्याची देखभाल आणि पर्यायाने सत्ता बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांच्याकडे आली. ती त्यांच्याकडे जेमतेम काही आठवडे टिकली. रघुजींचा पुतण्या मुधोजी, ज्याला इतिहास आप्पासाहेब म्हणून ओळखतो, त्याने धर्माजीला कैद करून कारभार आपल्याकडे घेतला. पुढे धर्माजी मारला गेला.

गोष्टीचा पहिला मोठा सांधा इथेच आहे आणि रस्त्यावरच्या गोष्टीतून नेमका तोच गळला आहे. रघुजींनी वर्षानुवर्षे जी तैनाती फौज टाळली, ती नागपुरात आणण्याचा तह मे १८१६ मध्ये झाला. तो आप्पासाहेबांनी केला. वाड्यातले विरोधक, त्यांत बाकाबाईचा पक्ष आलाच, डोईजड होतील या भीतीने त्यांनी रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा आधार घेतला आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज राज्यात आली. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. संशय आप्पासाहेबांवर होता आणि तो कधीच पूर्ण फिटला नाही. म्हणजे १८१७ च्या सुरुवातीला चित्र असे होते: इंग्रजांना घरात आणणारा आप्पासाहेब गादीवर, आणि ज्याची देखभाल बाकाबाई करत होती तो मुलगा गेलेला. यानंतर आप्पासाहेब फिरले. पेशव्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलल्यावर त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे उघडपणे स्वीकारली आणि २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. तीत ते हरले. डिसेंबरात शहर पडले. अरब शिपायांनी वाड्याच्या भागात महिनाअखेरपर्यंत चिवटपणे तग धरला, ही या सगळ्यातली सर्वांत शूर आणि सर्वांत कमी आठवली जाणारी गोष्ट. आप्पासाहेबांना इंग्रजांनी आधी पुन्हा गादीवर बसवले, मग मार्च १८१८ मध्ये पकडले. मे महिन्यात ते वाटेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या साथीने राहिले आणि वणवण करत अखेर १८४० मध्ये जोधपूरला वारले. या अखेरच्या वर्षांनी आप्पासाहेबांना नायक केले, आणि त्यात गैर काही नाही. तैनाती फौज आणणारा माणूस तिच्याविरुद्ध लढून परागंदा होऊन मरतो, हा पात्राचा खरा प्रवास आहे, टप्प्याटप्प्याने झालेला आणि किंमत मोजून झालेला. पण त्याला प्रवास मिळाला आणि तिला मिळाला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आप्पासाहेबांनंतर जून १८१८ मध्ये रघुजींच्या मुलीचा मुलगा, परसोजीच्या विधवेला दत्तक देऊन, तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवला गेला. तो दहा वर्षांचा होता. वाड्यात त्याची पालक बाकाबाई, राज्यात सर्वाधिकारी जेंकिन्स. बाकाबाई इंग्रजांच्या बाजूला गेली असे म्हणायचे तर ती इथे गेली. आणि गेली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कुणाविरुद्ध गेली, हेही सांगायला हवे. ज्याने तिची सत्ता हिसकावली, ज्याच्या हाती तिच्या पक्षाचा धर्माजी संपला आणि ज्याच्यावर परसोजीच्या खुनाचा संशय होता, त्या माणसाविरुद्ध. याला देशनिष्ठा म्हणता येणार नाही. फितुरी म्हणायचे तर वाड्यात त्या वेळी कोण फितूर नव्हते, याची यादी फार छोटी निघेल.

यानंतरची पस्तीस वर्षे रस्त्याच्या गोष्टीत नाहीतच. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला औरस पुत्रावाचून वारले आणि दत्तकही झालेला नव्हता. रेसिडेंट मॅन्सेल राज्य राखण्याच्या बाजूचा होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याचे ऐकले नाही, २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात त्याने नागपूर खालसा करण्याची बाजू मांडली आणि त्या वर्षी राज्य गेले. पाठोपाठ भोसल्यांची खाजगी मालमत्ता जप्त झाली. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले आणि दागिने कलकत्त्याच्या बाजारात रवाना झाले. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिताना हा प्रसंग वर्णिला आहे. त्यात तो सांगतो की ऐंशीच्या घरातल्या बाकाबाईला हा अपमान इतका लागला की वाड्यातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी तिने दिली. सामान हलवले गेले. के हा इंग्रज सत्तेचा माणूस, डलहौसीचा टीकाकार असला तरी बाकाबाईचा वकील नव्हे. म्हणून त्याची साक्ष मोलाची. ही बाई नागपूरकरांना आवडावी अशी आहे. त्यांच्या रागाचे म्हणून जे सगळे मारबतीच्या दिवशी बाहेर पडते, ते तिने परकीय सत्तेच्या तोंडावर बोलून दाखवले. तरीही हा प्रसंग मिरवणुकीत कधी आला नाही.

आला तो त्यानंतरचा. जून १८५७ मध्ये नागपूरजवळ टाकळीच्या घोडदळात उठावाची सिद्धता झाली, बेत फुटला, काहींना फाशी झाली. या धामधुमीत बाकाबाईने आपले सगळे वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले आणि मराठी मुलूख शांत राहण्यात तिच्या उदाहरणाचा मोठा वाटा होता, असे पुढे सरकारी गॅझेटियरने कृतज्ञतेने नोंदवले. ती १८५८ मध्ये वारली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, डलहौसीने मोडीत काढलेल्या घराण्याच्या, नंतर दत्तक घेतलेल्या वारसाला, जानोजींना, देऊरचे राजेबहादूर म्हणून मान्यता आणि नेमणूक मिळाली. या दोन गोष्टींचा संबंध जोडला तर तिच्या १८५७ च्या वागण्याला एक हेतू दिसतो: राज्य परत येणार नाही हे १८५४ ने शिकवले, नाव तरी टिकावे. हा माझा कयास आहे. पण तो तिच्या ज्ञात कृत्यांच्या क्रमातून निघतो आणि त्यासाठी कुठला जेलर शोधून काढावा लागत नाही. घराणे वाचवण्यासाठी शहराची किंमत मोजली, असा आरोप तिच्यावर ठेवता येतो आणि तो गंभीर आहे. मारबतीत ठेवला जातो तो आरोप याहून फार सोपा आणि बराचसा वेगळा आहे.

तो आरोप ज्या रूपात सांगितला जातो ते पाहा. बाकाबाई इंग्रजांना मिळाली, तिच्यामुळे भोसल्यांचे राज्य गेले, म्हणून संतापलेल्या लोकांनी तिचा पुतळा काढला. काही सांगणारे तिच्या नवऱ्यालाही गोष्टीत आणतात: त्याने तिला अडवले नाही म्हणून त्याचाही निषेध, आणि बडग्या हा तिचा नवरा. पण नवरा सीताबर्डीच्या लढाईआधी दीड वर्षाहून अधिक आणि राज्य खालसा होण्याआधी अडतीस वर्षे वारला होता. काही वर्णनांत तर पुतळ्याचे साल आणि फितुरीचे साल एकमेकांत मिसळून १८८१ मध्ये बाकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, असे छापले जाते. तोवर तिला जाऊन तेवीस वर्षे झाली होती आणि नागपुरात रेल्वे येऊन चौदा. खेळाच्या लेखकांनी जेलरला मागच्या काळात नेऊन बसवले. इथे उलटे झाले, बाकाबाईलाच पुढच्या काळात ओढून आणले. कारणाची आणि परिणामाची जागा चुकली की काय होते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते: पात्राला आधी शिक्षा ठरते आणि मग गुन्हा शिवला जातो.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मारबत ही कथा नाहीच, विधी आहे. तिच्याकडे इतिहासाचा हिशेब मागणे म्हणजे होळीकडे लाकडाच्या जातीचा हिशेब मागणे. विधीच्या मुळाबद्दल हे बरोबर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रोगराई, किडे, ढेकूण यांना हाका मारत गावाबाहेर घालवण्याची चाल विदर्भातल्या खेड्यांत आहे आणि सीमेपलीकडे बालाघाटच्या भागात तिला नारबोद म्हणतात. त्या गावांत बाकाबाई कुणाला ठाऊक नाही आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडत नाही. पावसाळा उतरणीला लागलेला, शेतात पीक उभे आणि घराघरांत ताप-खोकला, अशा दिवसांत दुखणी शिवेबाहेर नेऊन टाकण्याची ही जुनी गरज आहे. त्यावर पुराणाचा एक थर चढला, आणि काळी मारबत कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना झाली. त्यावर नागपुरात आणखी एक थर चढला तो बाकाबाईचा. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला उलट बळच देतो. विधीला बाकाबाईची गरज नव्हती. तिचे नाव लोकांनी जोडले, म्हणजे विधीला कथा हवीशी झाली, आणि ती रचताना त्यांच्यापुढे मोकळा कागद होता. दुखणे म्हणून पूतना चालते, तिला मागचा-पुढचा विचार नाही, ती राक्षसीण. खऱ्या बाईला त्या साच्यात घातले की तिची वर्षे त्यात मावत नाहीत आणि छाटावी लागतात.

दुसरा आक्षेप न्यायाचा. १८८१ मध्ये पन्नाशीत असलेला नागपूरकर १८५७ मध्ये जाणता तरुण होता. टाकळीच्या घोडदळातल्यांना झालेल्या फाशा त्याला आठवत असतील. अशांनी तिला दोषी ठरवले तर सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर कागद उलटणाऱ्याने त्यांच्याशी हुज्जत का घालावी? हे खरे मानायला माझी तयारी आहे, आणि सुरुवातीचा राग खरा, जवळून पाहिलेला असू शकतो. त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागेल. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती, हातमागावर जगणाऱ्या कोष्ट्यांच्या वस्तीजवळ वाफेचे माग खडखडू लागले होते, आणि इंग्रजी अमलाचे ओझे पोटाला जाणवू लागले होते. राज्य करणाऱ्याचा पुतळा जाळणे धोक्याचे. मेलेल्या राणीचा जाळणे सुरक्षित. ही निवड समजण्यासारखी आहे, हुशारीचीही आहे. पण तिच्यातून एक अटळ गोष्ट झाली. खालसा करणारा डलहौसी, सर्वाधिकार चालवणारा जेंकिन्स, तैनाती फौजेवर शिक्का उठवणारा आप्पासाहेब, हे सगळे ज्या रागाचे धनी होते तो एका विधवेच्या नावावर जमा झाला. त्या काळी नाव न घेण्यामागे भीती होती. १९४७ नंतर भीती गेली, तरीही डलहौसीची मारबत कुणी काढली नाही. म्हणजे सोय म्हणून घेतलेले सोंग आता पात्राचा स्वभाव झाले आहे.

आणि ही गोष्ट बाईच्याच वाट्याला का येते, हेही विचारायला हवे. पुण्यात नारायणरावाच्या खुनाचा सगळा ठपका आनंदीबाईच्या माथी कसा बसला आणि राघोबादादा त्यातून कसे अर्धे सुटले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. उलट कर्ण, ज्याने भर सभेत द्रौपदीच्या विटंबनेला साथ दिली, त्याला शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये असे काही उभे केले की दोन पिढ्या त्याच्यासाठी हळहळल्या. तिथे एका लेखकाने सगळी वर्षे, सगळे अपमान क्रमाने मांडले आणि वाचकाला त्या वाटेने चालायला लावले. कर्णाला मिळालेला हा न्याय एकट्याने टेबलाशी बसून लिहिला गेला. गर्दीला तो देता आला नसता. ज्यांना वाटते की एकहाती लेखणी पात्रांची वैरीण आहे, त्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

गर्दीला काहीच लिहिता येत नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. बडग्यांकडे पाहिले तर तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. दर वर्षी महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, दहशतवाद, त्या वर्षी जो कुणी लोकांच्या डोळ्यांत खुपत असेल तो, असे बडगे तयार होतात आणि त्यांच्या अंगावर पाट्या लटकतात. पाट्यांची भाषा नागपुरी, धार अस्सल. बडग्या हे एका वर्षाचे पात्र आहे. त्याला भूतकाळ नाही, भविष्य नाही, संध्याकाळपर्यंत जळायचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. व्यंगाला एवढेच पुरते, किंबहुना याहून जास्त दिले तर व्यंग बोथट होते. २०२० मध्ये करोनामुळे मिरवणुकीवर निर्बंध आले तेव्हा लोकांची खरी चुटपुट मला वाटते बडग्यांसाठी होती. वर्षभराचे बोलणे तुंबून राहिले होते. गर्दीला व्यंग जमते आणि चरित्र जमत नाही, कारण व्यंगाला एक क्षण लागतो आणि चरित्राला कालक्रम. काळ्या मारबतीत या दोन कामांची गल्लत झाली आहे: बाकाबाईला बडग्यासारखे वागवले, पण बडग्यासारखे दर वर्षी मोकळे केले नाही.

पिवळ्या मारबतीने हे संकट टाळले, आणि ते कसे हे पाहण्याजोगे आहे. जागनाथ बुधवारीच्या भागात तेली समाजाने चालवलेली ही मारबत लोक देवीसारखी मानतात. बाया तिची पूजा करतात, लेकरांना तिच्या पायाशी घालतात. तीही जाळली जाते, पण तिच्यावर राग नाही, ती दुखणे आपल्या अंगावर घेऊन जाते. तिला कुण्या राणीचे नाव चिकटवलेले नाही. कुठल्या वर्षी काय केले याचा जाब तिला कुणी विचारत नाही. त्यामुळे तिची गोष्ट खोटी पडण्याचा प्रश्नच येत नाही. काळी आणि पिवळी एकाच शहराने केल्या आणि शेजारच्या वस्त्यांनी सांभाळल्या. एकीत इतिहास घातला आणि तो बिघडला, दुसरीत घातला नाही आणि ती टिकली.

शेवटचा आक्षेप खेळाडूंच्या बाजूने. त्यांनी म्हणावे की नागपूरच्या लोकांकडे बाकाबाईचे कागद नव्हते, आमच्याकडे सिल्व्हानसचा प्रत्येक संवाद जपून ठेवलेला आहे; आम्ही क्रम चुकवणार नाही. हा आक्षेप मला निम्मा पटतो. कागद असणे फार मोठी गोष्ट आहे, आणि खेळाडूंनी कंपनीला धारेवर धरले ते जुने संवाद दाखवूनच. पण बाकाबाईचे कागदही फार लांब नव्हते. वाड्यातले सामान हलवण्याचा प्रसंग के याने १८६० च्या दशकातच छापला होता. आप्पासाहेबांचा तह कुणी लपवलेला नव्हता. पुढे मराठीतही भोसल्यांचे इतिहास लिहिले गेले, नागपुरातच वाचले गेले. कागद उपलब्ध होते आणि मिरवणूक त्यांच्याशेजारून जात राहिली, कारण ज्याला शिक्षा करायची त्याच्याविषयी जमावाला जास्त माहिती नकोशी असते. सिल्व्हानसच्या भक्तांमध्येही हे दिसलेच. कंपनीने खेळात एक फाटा ठेवला होता, सॉरफँग या म्हाताऱ्या सेनानीच्या बाजूने जा किंवा राणीशी निष्ठावंत राहा. त्यावरून खेळाडूंचे दोन तट पडले. एकाला ती जन्मापासून राक्षसीण हवी होती, दुसऱ्याला शहर जाळूनही निर्दोष. तिच्यावर जीव असलेल्यांपैकी फार थोड्यांना ती जाळणारी आणि तरीही समजण्यासारखी अशी हवी होती. २०२२ मध्ये कंपनीने तिचा निकाल तिने ज्यांचे शहर जाळले त्यांच्याच पुढारी टिरांडे हिच्या हाती दिला, आणि तिने राणीला मारण्याऐवजी नरकसदृश प्रदेशात अडकलेले आत्मे एकेक करून सोडवण्याचे काम सोपवले. हा शेवट अनेकांना सपक वाटला. मला तो त्या कथेतला एकमेव प्रौढ निर्णय वाटतो, कारण त्यात केलेल्या कर्माशी शिक्षेचे काही नाते आहे.

बाकाबाईसाठी असा निर्णय करायचा झाला तर मारबत बंद करण्याची गरज नाही. विधी तिच्या आधीचा आहे आणि तिच्यावाचून चालेल. ईडा-पीडेला पूतना पुरेशी आहे. बाकाबाईला तिथून बाहेर काढून ज्या नाटकात, ज्या कादंबरीत १८१६ चा तह आप्पासाहेबांच्या हातून होईल, १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजीचे प्रेत सापडेल, १८५४ मध्ये म्हातारी वाड्याला आग लावण्याची भाषा करेल आणि तीन वर्षांनी तीच म्हातारी घोडदळाच्या बेताविरुद्ध उभी राहील, ते लिहावे लागेल, आणि ते कुणा एकाला बसून लिहावे लागेल. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दर हिवाळ्यात रात्र-रात्र नाटके चालतात, नागपुरात ऐतिहासिक कादंबरीला वाचक आहेत, भोसल्यांवर ग्रंथ आहेत. या चार प्रसंगांत ती एकदाही सोपी नाही.